भद्राप्पांची आडभुई

भद्राप्पांच्या दुकानात बिजागरी घ्यायला जायचं असेल तर हाताशी थोडा वेळ ठेवून जावं. बिजागरी लगेच मिळते. पण कागदात बांधायच्या आधी भद्राप्पा ती दोन बोटांत धरून एकदा उघडतात, एकदा मिटतात आणि गिऱ्हाइकाला विचारतात, "हिची वळख हाय का तुमाला?" गिऱ्हाईक नवं असेल तर म्हणतं, "बिजागरी हाय की." मग भद्राप्पा गल्ल्याजवळचं स्टूल पुढं सरकवतात. ते स्टूल पुढं आलं की आपण घरी उशिरा पोचणार हे धरून चालावं.

"ही बिजागरीमाय," भद्राप्पा सांगू लागतात. "आडभुईत दिवस आन् रात ह्यांच्या मधी ही बसलेली आसती. ही फिरली तर दिवस उघडतो. न्हाई फिरली तर बसा अंधारात. पावसाळ्यात आभाळ करकरतं ना, ते हिला तेल न्हाई मिळालं म्हणून."

गिऱ्हाइकाच्या दाराची फळी घरी निखळून पडलेली असते. तरी ते ऐकतं. शेवटी धीर करून विचारतं, "आप्पा, हिची गॅरंटी किती?"

"गॅरंटी कंपनी देती. मी वळख देतो."

पालमच्या बसस्टँडवरून गंगाखेडच्या रस्त्याला लागलं की कोपऱ्यावर लिंबाचं झाड आहे. झाडासमोर भद्राप्पांचं हार्डवेअरचं दुकान आणि त्याला भिंतीला भिंत लावून माझं मेडिकल. त्यामुळं आडभुईत काय चाललंय हे मला घरबसल्या, म्हणजे दुकानबसल्या कळतं. मी गोळ्या विकतो म्हणून भद्राप्पा मला डाक्टर म्हणतात. मीही नाही म्हणत नाही. तालुक्याच्या गावात फुकट मिळालेली पदवी कोण परत करतं.

आता आडभुई म्हणजे काय ते सांगायला हवं. आडभुई हे एक जग आहे. ते आपल्या जगाला आडवं पसरलेलं आहे, म्हणून आडभुई. तिथं दोन सूर्य आहेत, एक कामाचा आणि एक बसून राहायचा. तिथले देव आहेत, राक्षस आहेत, त्यांच्या सोयरिकी आहेत, भांडणं आहेत, आणि हे सगळं भद्राप्पांनी खिळे मोजता मोजता आपल्या डोक्यात उभं केलेलं आहे. कुठल्या पोथीतून घेतलेलं नाही की कुणाकडून ऐकलेलं नाही. अख्ख्या परभणी जिल्ह्यात देवळं पुष्कळ आहेत, पण स्वतःचे देव असलेला माणूस एकच आहे आणि त्याचं दुकान माझ्या दुकानाला लागून आहे. ह्याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. माझा मेव्हणा बोरीचा. तो आला की बोरी किती मोठी, बोरीचा बाजार किती मोठा हे सुरू करतो. मी त्याला फक्त एवढंच विचारतो की तुमच्या बोरीत गंजासूर आहे का.

गंजासूर हा आडभुईतला सगळ्यात जुना राक्षस. लोखंड खातो, पण सावकाश. "लय सभ्य राक्षस," भद्राप्पा म्हणतात. "आवाज न्हाई, घाई न्हाई. पाहुण्यावानी येतो आन् घर खातो." त्याला उजवी मिशी नाही, कारण भुकेच्या भरात त्यानं ती स्वतःच खाल्ली. मेव्हण्यानं एकदा विचारलं होतं, "मग त्याला कोन्या देवानं मारलं?" भद्राप्पांनी त्याच्याकडं असं पाहिलं की जणू तो दुकानात थुंकला असावा.

"मारायचा कामून? आपल्याकडं असंल तसं. आडभुईत तसं न्हाई. आडभुईत राक्षस मारत न्हाईत, त्याला काम देतेत. गंजासुराला तलवारी दिल्या खायला. तवापासून तिथं कोन्ची लढाई दोन पिढ्या टिकली न्हाई."

'आपल्याकडं असंल, आडभुईत तसं न्हाई' हे भद्राप्पांचं पालुपद. वीज गेली, लग्न मोडलं, निवडणुकीत कुणी पडलं, कशावरही ते लागू पडतं. आडभुईत देवांच्या बदल्या होतात. एका खेड्यात देव फार दिवस राहिला की माजतो, म्हणून अगळराज हा तिथला देवांचा राजा हुकूम काढून त्याला दुसरीकडं धाडतो. अगळराज रोज संध्याकाळी, दाराला अडसर लावावा तशी, आभाळाला अगळ लावतो, म्हणजे चांदण्या बाहेर सांडत नाहीत. सुट्ट्या नावाचा एक राक्षस गाठी सोडतो. बैलाचं दावं सुटलं तर त्याचं काम आणि माणसानं दिलेला शब्द सुटला तरी त्याचंच. दावं विकताना भद्राप्पा गिऱ्हाइकाला बजावतात, "गाठ दुहेरी मारा. सुट्ट्या आजकाल पालमकडं फिरायलाय."

ह्या बाबतीत ते फार कडक आहेत. एकदा मी बोलता बोलता सुट्ट्याला गंजासुराचा भाऊ म्हणालो. भद्राप्पा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी चहा घेऊन आले आणि म्हणाले, "मेव्हणा हाय तो. भाऊ म्हणलं की वाटणीचा सवाल येतो, डाक्टर. उगं आडभुईत भांडणं लावू नका."

ह्यावरून कुणाला वाटेल की माणूस देवभोळा असावा. अजिबात नाही. भद्राप्पा लिंगायत. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, आणि सकाळची लिंगपूजा झाल्याशिवाय चहाला शिवत नाहीत. कुठल्या जत्रेत गेले तरी हात जोडत नाहीत. छातीवर बोट ठेवून म्हणतात, "माझा हितं हाय. दुसऱ्या कुनापुढं ही मान वाकत न्हाई." मग एवढे आडभुईचे देव? "ते माझे थोडेच हायेत. ते तिथल्या लोकांचे. मला निस्ती माहिती हाय."

आणखी एक तऱ्हा. भद्राप्पा कधीही कुणाला थांब म्हणत नाहीत. गिऱ्हाईक भावावरून रुसून दुकानाच्या पायऱ्या उतरलं तर बाजारातला दुसरा कुणीही दुकानदार त्याला मागून हाक मारील. भद्राप्पा मारत नाहीत. पाहुणा निघाला तर जेवून जा म्हणत नाहीत. "जाणाराचे पाय जड करू न्हाईत," असं त्यांचं मत. त्यांचा एकुलता एक मुलगा शिवराज नोकरीसाठी पहिल्यांदा पुण्याला निघाला तेव्हा दुकानात पाया पडायला आला. भद्राप्पा तराजूत खिळे तोलत होते. "निघतो आप्पा," शिवराज म्हणाला. "हां," भद्राप्पा म्हणाले आणि आणखी दोन खिळे तराजूत टाकले. त्यांची बायको महानंदाकाकू हा किस्सा आजही मला ऐकवतात. "पोरगं उंबऱ्याबाहेर गेलं आन् ह्यांचं आपलं खिळे. धोंडा हाय माणूस."

त्याच वर्षी आडभुईत थांब्या आला.

त्याचं असं झालं. आमच्या घरी महालक्ष्म्या बसतात. भद्राप्पांच्या घरी बसत नाहीत. पण महालक्ष्म्यांपुढची आरास ते दरवर्षी आमच्याकडं येऊन करतात. माझी आई म्हणजे आमची माय, सोवळ्याची कडक, पण भद्राप्पांपुढं तिचं काही चालत नाही. लोकांच्या घरी महालक्ष्म्यांपुढं प्लॅस्टिकची फळं, मोटारी, बाहुल्या मांडतात. आमच्याकडं आडभुईचा दरबार बसतो. काळ्या मातीचा अगळराज, शेजारी बिजागरीमाय, खाली अर्ध्या मिशीचा गंजासूर. वर फुलोरा टांगलेला, मागं दोघी महालक्ष्म्या भरजरी लुगड्यांत, आणि पुढं हे सगळं बिऱ्हाड. हळदीकुंकवाला आलेल्या बायका आधी महालक्ष्म्यांना हळदीकुंकू लावतात आणि मग गोंधळतात. मायनं एकदा भद्राप्पांना विचारलं, "ह्यांस्नी नैवेद्य दाखवावा का न्हाई?" भद्राप्पांनी विचार करून सांगितलं, "दाखवू नका. सवय लागंल."

बाकीचे देव मातीचे असतात, महालक्ष्म्या उठल्या की पाण्यात विरघळतात. पण त्या वर्षी भद्राप्पांनी थांब्या केला तो सिमेंटचा. कमरेइतका उंच, मांड्या दणकट, आणि एक हात पुढं केलेला, पंजा उघडा. मी म्हणालो, आप्पा, हा सिमेंटचा का? तर म्हणाले, "त्याला हलायचं न्हाई."

बायका जमल्या तेव्हा भद्राप्पांनी त्याची कहाणी सांगितली. ती मी जशी ऐकली तशी लिहितो.

"थांब्या म्हणजे आडभुईतला दांडगा राक्षस. ज्याच्यावर हात ठेवंल ते थांबायचं. नदीवर ठेवला, नदी थांबली. जात्यावर ठेवला, पीठ थांबलं. एकदा कामाच्या सूर्यावर ठेवला तर दुपारच सरंना, लोक भाकरी खाऊन खाऊन बेजार. अगळराजानं फौज धाडली, ती अर्ध्या वाटंत थांबली. मग बिजागरीमाय एकटीच गेली. म्हणली, बाबा, समद्यांला कामून थांबवायलास? तर त्यानं मान खाली घातली. म्हणला, माय, मला तोंडानं थांब म्हणता येत न्हाई. लय बार म्हणून बघितलं. शब्दच निघत न्हाई. म्हणून हात ठेवतो. मग मायनं त्याला काम दिलं. म्हणली, वाटंवर उभा ऱ्हा. येणारा-जाणारा तुझ्यापाशी घडीभर थांबंल. जास्त न्हाई मागायचं. घडीभर."

बायकांना कहाणी आवडली. महानंदाकाकू तेवढ्या म्हणाल्या, "राक्षसाला बोलता येत न्हाई आन् ह्यांची बडबड थांबत न्हाई." सगळ्या हसल्या, भद्राप्पाही हसले.

महालक्ष्म्या उठल्या. माती विरघळली, थांब्या राहिला. धान्याच्या मोंढ्यातून चार हमाल बोलावले आणि तो भद्राप्पांच्या गोदामात न्यायचं ठरलं. हमालांनी त्याला लिंबाच्या झाडापर्यंत कसाबसा आणला, खाली ठेवला, घाम पुसला, आणि पुन्हा काही तो त्यांच्यानं उचलला नाही. उद्या बघू म्हणून ते गेले. तो उद्या आलाच नाही.

त्याच आठवड्यात एक एसटी नेमकी लिंबाखाली बंद पडली. ड्रायव्हर खाली उतरला आणि त्यानं झाडाखाली पाहिलं. "हे कोन?" भद्राप्पा दुकानातून ओरडून म्हणाले, "थांब्या. गाड्या थांबवतो." त्यांनी आपली माहिती दिली. ड्रायव्हरनं मात्र ती मनावर घेतली. समोरच्या टपरीवरून उदबत्ती आणून लावली, आणि गाडी चालू झाली. डिझेलच्या पाइपात कचरा अडकला होता हे मेकॅनिकनं मला नंतर सांगितलं, पण ते ऐकायला ड्रायव्हर कुठं थांबला होता. दुसऱ्या दिवशी एका ट्रकवाल्यानं हार घातला. दसऱ्यापर्यंत कुणीतरी शेंदूर फासला, दिवाळीपर्यंत वर पत्र्याचं छप्पर आलं. पत्रा भद्राप्पांच्याच दुकानातून गेला आणि कशासाठी नेतोय हे नेणाऱ्यानं त्यांना सांगितलं नाही.

मग पालममधून निघणारी प्रत्येक एसटी थांब्यापुढं घडीभर थांबायला लागली. ड्रायव्हर स्टेअरिंगवरूनच नमस्कार करतो, मग गिअर टाकतो. तो आधीच थांबला की थांब्या वाटेत थांबवत नाही, असा हिशेब. पाठोपाठ बाकीचेही आले. कुणाला नवऱ्याची दारू थांबवायची, कुणाला उचकी, कुणाला गारपीट. एका पैलवानाला गळणारे केस थांबवायचे होते. जुलाब झालेली माणसं आधी थांब्याकडं जाऊन मग माझ्याकडं यायची आणि गुण आला की नारळ त्याला.

भद्राप्पांचा जीव थाऱ्यावर राहिना. दुकान सोडून बाहेर यायचे आणि एकेकाला सांगायचे, "हा देव न्हाई. राक्षस हाय. आन् राक्षसबी खरा न्हाई, मी केलाय. सिमेंट माझ्या दुकानातलं, ही बोटं माझी." राणीसावरगावची एक म्हातारी घरातली भांडणं थांबू दे म्हणून गूळ घेऊन आली होती. तिनं सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "तुमच्या हातून घडवून घेतला म्हणायचा त्यानं. भागवान हाव बाबा तुमी." आणि तिनं उरलेला गूळ भद्राप्पांच्या हातावर ठेवला. भद्राप्पा तो तसाच हातात धरून दुकानात परतले.

मला मात्र गंमत वाटायची आणि खोटं कशाला सांगू, छाती फुगायची. मेव्हण्याला मी मुद्दाम बोलावून थांब्या दाखवला. जाताना तो हळूच एक फूल ठेवून गेला.

गंमत संपली ती ह्या पावसाळ्यात. एक तरुण बाई लेकराला मांडीवर घेऊन थांब्यापुढं बसली होती. मला वाटलं गाडीची वाट बघतेय. भद्राप्पांनी सहज विचारलं तर म्हणाली, "ताप थांबू दे म्हणून बसलेव. सकाळधरनं." लेकरू निखाऱ्यासारखं तापलं होतं. माझं मेडिकल समोर, सरकारी दवाखाना हाकेच्या अंतरावर, आणि ती सिमेंटपुढं बसलेली. भद्राप्पांनी लेकरू उचललं, तिला उठवलं आणि धोतर सावरत अक्षरशः पळत दवाखान्यात गेले. लेकराला सलाइन लागलं, संध्याकाळी ते बिस्किट खायला लागलं. भद्राप्पा परत आले ते माझ्या दुकानाच्या पायरीवर बसले. असे बसलेले मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"डाक्टर, त्या लेकराला काई झालं असतं तर कोनाच्या माथी?"

"आप्पा, तुम्ही थोडंच सांगितलं तिला तिथं बसायला."

"कहाणी मीच सांगितली का न्हाई? आडभुईत कुनी मरत न्हाई म्हणून मी खुशाल काईबी सांगतो. हितं मरतेत." मग ते उठले आणि म्हणाले, "महालक्ष्म्या उठल्या की त्याला गंगेत सोडायचा."

आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. ही बातमी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळ्या बाजारात झाली. ड्रायव्हर लोक येऊन विनवून गेले. टपरीवाला रडकुंडीला आला, त्याचा नारळाचा धंदा बसणार होता. मायनं सांगून पाहिलं, मी सांगून पाहिलं. भद्राप्पांचा एकच हेका. "माझी चूक हाय, मीच उचलणार." मला फार वाईट वाटलं. आमच्या गावाला स्वतःचा राक्षस होता, असा कुणाला नव्हता, आणि आता तो ज्यानं केला त्याच्याच हातानं पाण्यात जायचा होता.

महालक्ष्म्या बसल्या, जेवल्या. शिवराज पुण्याहून आला होता. त्याच्या बायकोचं दुसरं बाळंतपण जवळ आलं होतं, म्हणून तो आईला न्यायला आला होता. आप्पांनाही चला म्हणाला. भद्राप्पा म्हणाले, "दुकान कोन बघंल?" त्यानं पुन्हा विचारलं नाही आणि भद्राप्पांनीही पुन्हा विषय काढला नाही. काकू आता चांगल्या पाचसहा महिन्यांसाठी जाणार होत्या. ह्या घरातून इतके दिवस त्या कधी बाहेर राहिल्या नव्हत्या.

महालक्ष्म्या उठल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी शिवराजची आणि काकूंची गाडी होती. लिंबाखाली हमाल आले होते. लोखंडी पहारी भद्राप्पांनीच दुकानातून काढून दिल्या होत्या, ट्रॅक्टर बाजूला उभा होता. बघे जमले होते. इतक्यात शिवराज आणि काकू पिशव्या घेऊन स्टँडकडं निघाले ते दुकानात डोकावले. शिवराज पाया पडला. "निघतो आप्पा."

"हां," भद्राप्पा म्हणाले. तराजूत खिळे होते.

काकूंनी सूचना द्यायला सुरुवात केली. दूध कुठं ठेवलंय, लोणच्याची बरणी कोणती, दाराची कडी नीट लावा. "हां," भद्राप्पा म्हणत होते. शेवटी काकू म्हणाल्या, "बोलावं तरी माणसानं," आणि गेल्या. मी माझ्या काउंटरवरून बघत होतो. ते गेल्यावर भद्राप्पांनी तराजूतले खिळे परत डब्यात ओतले. ते कुणालाही द्यायचे नव्हते. गिऱ्हाईक नव्हतंच दुकानात.

हमालांनी विचारलं, "आप्पा, लावायची का पहार?"

"ही गाडी जाऊ द्या," भद्राप्पा म्हणाले.

पुण्याची गाडी स्टँडवरून वळली आणि नेहमीप्रमाणं लिंबापाशी थांबली. ड्रायव्हरनं पहारी पाहिल्या, ट्रॅक्टर पाहिला, आणि शेवटचा म्हणून असेल, त्यानं आज चांगले डोळे मिटून नमस्कार केला. खिडकीत काकू बसल्या होत्या, पलीकडं शिवराज. भद्राप्पा दुकानातून खाली उतरले, रस्ता ओलांडून गाडीपाशी गेले आणि त्यांनी खिडकीच्या दांडीवर हात ठेवला. पंजा उघडा.

कंडक्टरनं घंटी मारली. ड्रायव्हरनं गिअर टाकला.

"थांब जरा," भद्राप्पा म्हणाले.

आवाज मोठा नव्हता, पण आम्ही सगळ्यांनी ऐकला. त्यांनी कुणाला थांब म्हटलेलं मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा ऐकत होतो. ड्रायव्हरनं गिअर काढला. थांब्याच्या झाडाखाली भद्राप्पांनी थांब म्हटल्यावर गाडी पुढं घ्यायची छाती कुणाची आहे.

"काय ऱ्हायलं?" काकूंनी विचारलं.

"काई न्हाई."

"मग?"

भद्राप्पांचा हात दांडीवर तसाच. काकूंनी एकदा त्यांच्या हाताकडं पाहिलं, मग झाडाखाली पाहिलं. आणि महानंदाकाकू, ज्यांना मी कधी गप्प बसलेलं पाहिलं नाही, त्या गप्प बसल्या. पदर तोंडाला लावला आणि दुसरा हात भद्राप्पांच्या हातावर ठेवला. शिवराज सीटवरून अर्धा उठून बापाकडं बघत होता. गाडीतल्या एकाही माणसानं उशीर होतोय म्हटलं नाही.

माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. शिवराज पहिल्यांदा पुण्याला गेला त्याच वर्षी थांब्या आडभुईत आला होता. तोंडानं थांब म्हणता न येणारा तो राक्षस कोण, हे आम्हाला कहाणी ऐकतानाच कळायला हवं होतं. आम्ही हसत बसलो होतो. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं.

घडीभरानं भद्राप्पांनी हात काढला. "हां. जाऊ द्या."

गाडी गेली. शिवराज मागच्या काचेशी येऊन उभा राहिलेला मला लांबपर्यंत दिसत होता. धुरळा बसला तसे भद्राप्पा मागं फिरले. हमाल पहारी घेऊन उभेच होते. भद्राप्पांनी त्यांच्या हातातली एकेक पहार काढून घेतली आणि खांद्यावर टाकली.

"ऱ्हाऊ द्या त्याला," ते म्हणाले. "कामाचा हाय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः पत्रा कापून, रंगवून लिंबाला पाटी ठोकली. ती आजही आहे. 'थांब्या ताप, साप, विंचू बघत नाही. त्याला आधी सरकारी दवाखाना. हुकुमावरून.' हुकूम कुणाचा ते लिहिलेलं नाही. पाटीपुढं कुणी आजारी लेकरू घेऊन बसलं तर टपरीवालाच त्याला उठवून दवाखान्यात पोचवतो, भद्राप्पांनी त्याला त्या कामावर नेमलंय. पालममध्ये ह्या पाटीचा सगळ्यांना अभिमान आहे. भक्ताला दवाखान्यात पाठवणारा राक्षस दुसरीकडं कुठं असेल तर कळवावं.

भद्राप्पा अजून कुणापुढं मान वाकवत नाहीत. फक्त पुण्याची गाडी यायच्या वेळेला दुकानाच्या पायरीवर येऊन उभे राहतात. गिऱ्हाईक रुसून निघालं तर हाक मात्र अजून मारत नाहीत. एवढी सुधारणा आम्हीही मागत नाही.

परवा सकाळी ते चहाचे दोन पेले घेऊन माझ्या दुकानात आले. फोन कानाला लावून लावून कान लाल झालेला. मी नेहमीसारखं विचारलं, "काय आप्पा, आडभुईत काय नवीन?"

त्यांनी चहा माझ्यापुढं ठेवला आणि रस्त्यापलीकडं लिंबाकडं बघत म्हणाले, "थांब्याला नात झाली."

मी म्हणालो, "राक्षसाला कुठं नात होते का?"

"आपल्याकडं न्हाई होत," भद्राप्पा म्हणाले. "आडभुईत होते."